रडलेलं पाणी चालत नाही

गजभिये मॅडमच्या दवाखान्यात रडायला मनाई होती. तशी पाटी लावलेली नव्हती, पण तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या पोराने ओठ काढला रे काढला, की मॅडम हातातलं काम ठेवून म्हणायच्या, “रडू नको बाप्पा. रडलेलं पाणी चालत नाही मले.” नवीन माणूस चपापायचा. बाई डोळ्यांची डॉक्टर, आणि तिलाच डोळ्यातल्या पाण्याचं वावडं! पोराला गप्प करायला कोणी रुमाल काढला, तर त्याची आणखी शोभा व्हायची. “ठेवा तो खिशात. पुसून टाकलं तं मी का तुमचा रुमाल तपासू?”

भिलाईतल्या वैशाली नगरातल्या त्या दवाखान्यात पुढच्या खोलीत मी चष्म्याचे नंबर काढायचो आणि मागच्या खोलीत त्या बसायच्या. मध्ये एक पडदा. त्या पडद्याआडून मी त्यांना इतकी वर्षं ऐकलं आहे, की आजही चेहऱ्याआधी मला त्यांचा आवाज आठवतो. चेहरा आठवला की चष्मा आठवतो आणि माझं डोकं फिरतं. त्यांच्या चष्म्याची उजवी काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. येणारा प्रत्येक माणूस आधी तो दोरा बघायचा आणि मग माझ्याकडे, म्हणजे चष्मेवाल्याकडे बघायचा. मी नवी फ्रेम करून दिली, त्यांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली. पुन्हा करून दिली, तीही तिथेच गेली. “यातून दिसते ना मले? मंग?” विषय संपला. माझ्या धंद्याची अब्रू त्या दोऱ्याला लटकलेली राहिली.

रोगी आत आला की त्या त्याच्या डोळ्यांकडे आधी बघत नसत, हातांकडे बघत. कोणता हात सारखा वर जातो, बोटाने चोळतो की मुठीने, आई हात धरून ठेवते की सोडून देते. लोक आपलं बोलत राहायचे, “मॅडम, डोळे लाल होतात, खाज येते, प्लांटची धूळ आहे ना.” मॅडम हूं हूं करत हातच बघत राहायच्या. एकदा एक पुढारी दोन माणसं पुढे नि दोन मागे घेऊन रांग तोडून आत शिरले. डोळे टोमॅटोसारखे लाल. मॅडमनी त्यांना तपासलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “काही नाही झालं. झोपत जा.” आणि मग कोपऱ्यात आईच्या मांडीवर बसलेल्या, बऱ्या दिसणाऱ्या एका पोराला आत बोलावून अर्धी दुपार त्याच्यात घालवली. पुढाऱ्यांचा राग मला पुढच्या खोलीत सोसावा लागला.

कारण त्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलेला होता. उन्हं तापायला लागली की भिलाईत डोळे चोळणारी पोरं गल्लोगल्ली दिसतात. त्यातल्या बहुतेकांची ॲलर्जी साधी असते, पोर मोठं झालं की जाते. पण एखाद्याच्या वरच्या पापणीच्या आत साबुदाण्यासारखे उंचवटे येतात आणि पापणी मिटली-उघडली की ते बुबुळावर घासत राहतात. तिथे जखम झाली, की नजर जाऊ शकते. आता सगळ्या लाल डोळ्यांतून तो एक डोळा ओळखायचा कसा? नुसत्या लालीवरून ते ठरत नाही, असं त्या म्हणायच्या. “लाल डोळा मले दिसते. पांढऱ्या डोळ्याचं भेव वाटते.”

म्हणून त्यांना पाणी हवं असायचं. आत ॲलर्जी पेटलेली असली, की तिच्या पेशी जे काही सांडतात ते डोळ्यातल्या पाण्यात उतरतं. ते किती आहे हे मोजलं, की आजाराचा जोर कळतो. त्या खालच्या पापणीच्या कडेला कागदाची एक बारीक पट्टी अडकवून ठेवायच्या. ती भिजली की कुपीत, कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये, आणि थर्मास सकाळच्या गाडीने एखाद्या ओळखीच्या रेल्वेवाल्याबरोबर नागपूरला, त्यांच्या वर्गमैत्रिणीच्या लॅबमध्ये. संध्याकाळी फोन यायचा. पण हे पाणी शांत डोळ्यातलंच लागायचं. रडलं, की पाणी भराभर येतं आणि आतली खूण पातळ होऊन जाते. “वरणात तांब्याभर पाणी ओतलं, आता सांगा मीठ किती होतं,” असं त्या आयांना विचारायच्या. आयांना ते लगेच पटायचं.

पट्टी लावलेली असताना पोराने रडायचं नाही, हसायचं नाही, जांभईसुद्धा द्यायची नाही. त्यासाठी मॅडमनी एक युक्ती काढली होती. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि बालपण सगळं दुर्ग-नागपूर लाइनीवरच्या क्वार्टरांमध्ये गेलं होतं. पट्टी लावली, की त्या दुर्गपासून एकेक स्टेशन सांगायला लागायच्या. अगदी सपाट आवाजात, मध्ये मध्ये थांबत. “दुर्ग. रसमडा. इथं नळ आहे, पण पाणी गरम येते. मुढीपार. परमालकसा. राजनांदगाव.” डोंगरगड आलं की पट्टी काढायची. घड्याळ त्यांनी कधी पाहिलं नाही. इतकं कंटाळवाणं बोलणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि ते ऐकताना एकही पोर हललेलं मी पाहिलं नाही.

प्रज्ञा रामटेके आली तेव्हा प्राथमिक शाळेत होती. सेक्टर दोनमधलं क्वार्टर, वडील पोलादाच्या प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ घडवायच्या खात्यात, आईचं माहेर याच लाइनीवर पुढे आमगावचं, तेही रेल्वेचं घर. उजव्या डोळ्याला त्रास जास्त होता, शाळा वरचेवर बुडत होती. पण तपासणीला आली तेव्हा डोळा स्वच्छ, पांढराशुभ्र. डोळ्यातलं प्रेशर तेवढं जास्त निघालं. पट्टी लावली, पोरगी शहाण्यासारखी बसली, डोंगरगड आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरहून फोन आला, की काही विशेष नाही, सौम्य आहे.

दुसरा कोणी डॉक्टर खूष झाला असता. मॅडम चष्मा काढून दोरा कुरतडत बसल्या. “डोळा पांढरा, पट्टी शांत. मंग डोळ्यातलं प्रेशर कावून वाढलं तिचं? आणि पोट्टी खिडकीकडे पाठ करून कावून बसली होती?” मी म्हटलं, बसली असेल. “उजेड खुपते तिले,” त्या म्हणाल्या. “यातलं काहीतरी खोटं बोलून राहिलं.”

पुढच्या वेळी त्यांनी रामटेकेंना सरळ विचारलं, घरी काही औषध टाकता का. रामटेके उंच, ताठ माणूस. त्याचा चेहरा उतरला नाही, उलट चढला. “तुमी आमाले खोटं समजता काय मॅडम? तुमी दिलं तेच टाकतो.” त्याची बायको जमिनीकडे बघत होती. मॅडमनी तिच्या हातांकडे पाहिलं.

रविवारी सकाळी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. कुठे जायचं हे सेक्टर दोनच्या वळणावर आल्यावर सांगितलं. न सांगता रोग्याच्या घरी जाणं मला अजिबात आवडलेलं नव्हतं, आणि ते मी रस्ताभर बोलून दाखवलं. रामटेके बनियनवर दारात आला, गडबडला, आत जाऊन शर्ट घालून आला. पोरगी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसली होती. तिथल्या खिडकीवर जाड चादर बांधलेली होती. मॅडम म्हणाल्या, “पाणी पिते जरा,” आणि कोणी उठायच्या आत त्यांनी स्वतःच फ्रिज उघडला. दारातल्या अंड्यांच्या खाचेत थेंबांची एक बाटली होती, आणि शेजारी दुसरी, अजून न फोडलेली.

“कधीमधी टाकतो,” रामटेके म्हणाला.

“रोज टाकतो,” त्याची बायको म्हणाली. आवाज इतका हळू, की मला वाटलं मीच चुकून काही ऐकलं. “तुमच्याकडे यायच्या दिवशी दोनदा.”

कोणीतरी ओळखीच्याने सांगितलेलं औषध, दुकानात मागितलं की मिळणारं. ते टाकलं की लाली पटकन जायची. रामटेके बायकोकडे वळला, मग मॅडमकडे वळला, आणि जे बोलला त्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता. “मोठे साहेब पाहाले येतात तं आमी खातं धुतो, चुना मारतो, पट्टे रंगवतो. घाण दाखवाची काय? पोरीले तुमच्याकडे आनाचं तं साफ करून आनू नाही काय?”

मला हसू येत होतं. मॅडम वेताच्या मोड्यावर बसल्या. “रामटेके भाऊ, तुमी मले पोरीचा डोळा नाही दाखवला. चुना दाखवला.” मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. त्या थेंबांनी वरून पांढरं दिसतं, पट्टीलाही काही सापडत नाही. पण असेच टाकत राहिले तर प्रेशर वाढून आतली नस सुकेल, मग नजर परत येत नाही. आणि थेंब काढले तर दाबून ठेवलेली ॲलर्जी उसळेल, बुबुळावर काय करेल ते सांगता येत नाही. “दोन्हीकडे धोका आहे. पण आत किती पेटलं आहे हे कळल्याबिगर मी आंधळ्यासारखं औषध देऊ काय? थेंब आजपासून बंद. रोज मले डोळा दाखवाचा. भडकला की त्याच घडीले आना, आणि आपल्या मनानं काही टाकू नका.”

पुढचे दिवस वाईट गेले. मॅडम रोज तिची वाट बघायच्या, तपासायच्या, परत पाठवायच्या, आणि ती गेली की उगाच मला ओरडायच्या. मी टेबल का पुसलं नाही, पंखा का एवढा जोरात. त्यांना भीती वाटते आहे हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. मलाही वाटत होती. दुसऱ्याच्या पोरीच्या डोळ्याची जबाबदारी आपण होऊन डोक्यावर घ्यायला कोणी सांगितलं होतं, असं मनात यायचं आणि स्वतःचाच राग यायचा.

चार-पाच दिवसांनी रामटेके पोरीला उचलून घेऊन धावतच आला. तिचं तोंड टॉवेलमध्ये खुपसलेलं. मागे आई. “पाहा! पाहा आता!” तो दारातूनच ओरडला. “साफ होता डोळा! तुमच्या टेस्टपायी नाश केला पोरीचा!” पुढच्या खोलीतली माणसं उभी राहिली. त्याने पोरीला खुर्चीत ठेवलं, खिशातून तीच बाटली काढली आणि झाकण फिरवलं. मॅडमनी त्याचं मनगट धरलं. उंचीने त्या त्याच्या खांद्याएवढ्याही नव्हत्या.

“हे टाकलं तं मले आतलं काही कळनार नाही. पट्टी लावू द्या. मंग औषध मीच टाकते.”

“पोट्टी तडफडून राहिली न तुमाले कागद सुचून राहिला?”

मी पडदा धरून उभा होतो आणि खरं सांगतो, मला त्याचंच बरोबर वाटलं. मॅडमनी मनगट सोडलं नाही. “डोंगरगडपर्यंत थांबा,” एवढंच म्हणाल्या. त्याने बाटली टेबलावर आपटली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दिवे बंद केले. मॅडमनी टॉवेल काढला, पट्टी लावली. प्रज्ञाची हनुवटी हलत होती. तिने एकदा हुंदका दिला असता, तर पुन्हा सगळं थांबवून, डोळा शांत व्हायची वाट बघत, औषधाशिवाय तिला तसंच बसवावं लागलं असतं. “रडू नको बेटा. रडलेलं पाणी चालत नाही,” मॅडम म्हणाल्या. “दुर्ग. रसमडा. इथं आपल्याले उतराचं नाही. मुढीपार. परमालकसा.” पोरीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. “राजनांदगाव. बाकल. मुसरा.”

आणि मॅडमचा आवाज थांबला. पडद्याआडून ऐकलेल्या सगळ्या वर्षांत ती गाडी मध्येच उभी राहिलेली मी कधी ऐकली नव्हती. पोरीचा श्वास वर चढला, ओठ वाकडा झाला.

“जटकन्हार,” दारातून आवाज आला. प्रज्ञाची आई. तसाच सपाट सूर. “इथं आमची पॅसेंजर लय वेळ उभी राहे. माय मले मुरमुरे दे. मंग सिग्नल होये.” पोरगी ऐकत राहिली. “मंग डोंगरगड.”

मॅडमनी पट्टी काढली.

नंतर दिव्याच्या यंत्रात त्या बराच वेळ बघत होत्या. बुबुळावर जखम होती, वरच्या बाजूला. “मधात नाही आली अजून,” त्या म्हणाल्या आणि मान खाली घालून क्षणभर तशाच बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरचा फोन आला. पाण्यातली खूण आधीपेक्षा कितीतरी पटीने वर होती. एवढा जोर म्हणजे नुसत्या थेंबांवर भागणार नव्हतं. जखम साफ करून वर मलमपट्टीसारखी झाकणारी लेन्स बसवली, जे औषध रामटेके मनाने टाकत होता तेच मोजून आणि हळूहळू उतरवत दिलं, जोडीला प्रेशर खाली आणणारं आणि महिनोन्महिने घालायचं दुसरं. रामटेके सगळं ऐकत होता, पण मॅडमशी बोलत नव्हता.

काही आठवड्यांनी डोळा पुन्हा पांढरा झाला. जखम भरली. रामटेके म्हणाला, आता बस, औषध बंद करू, शाळा सुरू करू. मॅडमनी पट्टी लावली आणि पाण्यातली खूण अजून वरच आली. नाही, त्या म्हणाल्या, अजून नाही. तो चिडला. आता काय दिसतं तुम्हाला तिथे? मॅडमनी वरणाचं सांगितलं, पेशींचं सांगितलं, आणि थकून म्हणाल्या, “लाली गेली म्हणून आजार गेला असं नाही ना भाऊ.”

रामटेके टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “आमच्याकडे रूळ लाल आहे तवर कोनी हात लावत नाही. लाली जाते, काळा पडते, तवा नवे पोट्टे हात लावतात. तवाच भाजते.”

मॅडमनी चष्मा काढला. “हे मले कावून नाही सुचलं?”

त्यानंतर औषधाची वेळ एकदाही चुकली नाही. ड्युटी बदलली तरी थेंब रामटेकेच टाकायचा, बायकोवरही सोडायचा नाही. मॅडम पुढे प्रत्येक हट्टी बापाला काळ्या पडलेल्या रुळाची गोष्ट सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “हे माझं नाही, रामटेके भाऊंचं आहे.” पुष्कळ महिन्यांनी पाण्यातली खूण खाली आली, प्रेशरही उतरलं. बुबुळावर वरच्या कडेला एक पुसट डाग राहिला. प्रज्ञाचा नंबर मीच काढतो. उजव्या डोळ्याने ती तक्त्यावरची शेवटची ओळ सोडून सगळं वाचते. मॅडम त्याला यश वगैरे म्हणायच्या नाहीत. काठावर निभावलं, म्हणायच्या.

मग काही वर्षांनी मॅडमचे गुडघे धरले, जिना चढवेना, आणि त्या बहिणीकडे नागपूरला जायला निघाल्या. दुर्ग स्टेशनावर मी सामान चढवून दिलं. रामटेके सहकुटुंब आला होता. प्रज्ञा आता कॉलेजात, बापासारखी उंच. मॅडम खिडकीशी बसल्या. चष्मा तोच, दोराही तोच. माझ्या दोन्ही फ्रेमा पर्समध्ये आहेत, असं त्यांनी मला आपण होऊन सांगितलं. वर्षानुवर्षं ज्या बाईला रडणाऱ्यांवर ओरडताना ऐकलं, तिचे डोळे भरलेले पाहून माझंच बिनसलं. मी मूर्खासारखा रुमाल काढला.

प्रज्ञाने माझा हात बाजूला केला आणि खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. “मॅडम, रडू नका. रडलेलं पानी चालत नाही. आपने ही तो बोला था ना.”

“आता कोनाले पट्टी लावाची आहे मले?” मॅडम म्हणाल्या, आणि पाणी गालावर आलं.

“दुर्ग,” प्रज्ञा म्हणाली. अगदी सपाट आवाजात. आणि थांबली.

गाडीला धक्का बसला. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. “रसमडा,” त्या म्हणाल्या.

“मुढीपार.” प्रज्ञा खिडकीबरोबर चालायला लागली. पुढचं मला ऐकू आलं नाही. गाडीने वेग घेतला, प्रज्ञा मागे राहिली, पण गजांमागे मॅडमचे ओठ हलत होते. त्यांनी डोळे पुसले नव्हते.